अलेक्झांडर आणि जखमी पोरस: १६७८ च्या एचिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चित्र नेमकं कोणतं आणि कोणाचं?

झेलमच्या लढाईनंतर (इ.स.पू. ३२६) जखमी पोरसला उचलून अलेक्झांडरपुढे आणलं आहे, असा प्रसंग दाखवणारं हे पॅरिसमधलं मुद्राचित्र, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून कागदावर छापलेलं चित्र आहे. मूळ तैलचित्र शार्ल ल ब्रँ (१६१९–१६९०) याचं. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी त्याने अलेक्झांडरच्या पराक्रमांची अवाढव्य मालिका रंगवली. पोरसचं तैलचित्र ४.७० मीटर उंच आणि १२ मीटरहून जास्त रुंद असून आज लूव्हर संग्रहालयात आहे. १६७३ मध्ये ते पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं गेलं, आणि त्यावरून जेरार ओद्रां (१६४०–१७०३) याने तांब्याच्या प्लेटांवर हे चित्र कोरलं. प्लेटवरचं साल १६७८ आहे.

ओद्रांने या मालिकेतली चार चित्रं केली: ग्रॅनिकस नदी ओलांडणं (१६७२), आर्बेलाची लढाई (१६७४, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला ते वर्ष), बॅबिलोनमधला विजयी प्रवेश (१६७५) आणि शेवटी पोरस. पाचवं चित्र, इराणचा राजा दरायस याच्या तंबूतल्या राजस्त्रियांचं, दुसऱ्या कारागिराने म्हणजे जेरार एदलिंकने केलं. त्यामुळे ‘ओद्रांचा पाच चित्रांचा संच’ असं कोणी म्हणालं तर पाचव्यावरची सही आधी वाचा.

हे एचिंग आहे की एनग्रेव्हिंग? विक्रेते दोन्ही शब्द वापरतात.

दोन्ही बरोबर आहेत, कारण एकाच प्लेटवर दोन्ही तंत्रं आहेत. एचिंगमध्ये तांब्यावर मेणाचा लेप देतात, सुईने लेप खरवडून रेघ काढतात आणि तांबं खाण्याचं काम आम्लाकडे सोपवतात. एनग्रेव्हिंगमध्ये ‘ब्युरिन’ हे चौकोनी टोकाचं पोलादी हत्यार हाताने रेटून थेट तांबं कापतात. ओद्रांची पद्धत अशी होती, की आधी एचिंगने चित्राची सगळी बांधणी मोकळ्या रेघांनी करायची आणि मग ब्युरिनने सावल्या खोल करायच्या, अंगावरची उजेड-छाया बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी भरायची.

दहापटीचं भिंग घेऊन जमीन, गवत, झाडं आणि धूळ यांच्याकडे बघा. तिथल्या रेघा थोड्या थरथरत्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या जाडीच्या आणि टोकाशी बोथट दिसतात. त्या आम्लाच्या. आता घोड्याच्या पुठ्ठ्यावर किंवा सैनिकाच्या दंडावर या. तिथे रेघ केसासारखी सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा टोकदार होऊन संपते. ती ब्युरिनची. लढाईच्या इतक्या मोठ्या चित्रात नुसतं ब्युरिन वापरलं तर सगळं चित्र धातूसारखं गुळगुळीत आणि थंड दिसतं. ओद्रांचं चित्र जिवंत वाटतं ते या मिश्रणामुळे, आणि त्याच्या काळातले बरेच कुशल कारागीर नेमके इथेच कमी पडतात.

चित्र चार कागदांवर का आहे? आणि जोड नीट जुळत का नाहीत?

पूर्ण चित्र सुमारे ७० सेंमी उंच आणि दीड मीटरहून थोडं जास्त रुंद आहे. एवढी एक प्लेट घडवणं, समान घासणं आणि त्या काळच्या लाकडी रुळांच्या प्रेसमधून काढणं जवळपास अशक्य होतं. शिवाय साच्यात उचलून केलेला हातकागद तेवढ्या मापाचा निघत नसे. म्हणून चार प्लेट, चार कागद, आणि छापून झाल्यावर शेजारी शेजारी चिकटवायचे.

तांब्याच्या प्लेटवरून छापताना कागद ओला असावा लागतो, तरच तो रेघेच्या खाचेत उतरून शाई उचलतो. वाळताना तो आक्रसतो, आणि हातकागदाचे दोन ताव कधीच सारखे आक्रसत नाहीत. ७० सेंमी उंचीत २ ते ५ मिमीचा फरक सहज पडतो. त्यामुळे वरच्या टोकाला जोड जुळवला की खाली एखाद्या घोड्याचा पाय सरकलेला दिसतो. यात कारागिराची चूक नसते. शाईची गडद-फिकट छटाही ताव बदलला की बदलते, कारण प्रत्येक प्लेट हातानेच पुसलेली असते.

उलट चारही ताव मिलिमीटरलाही न हलता जुळत असतील आणि काळेपणा सगळीकडे एकसारखा असेल, तर आधी शंका घ्या. ती बहुधा एकाच कागदावरची यांत्रिक प्रतिकृती असते, जोडाची रेघसुद्धा छापलेली!

चित्राखालच्या मजकुरात काय असतं?

लॅटिन आणि फ्रेंच अशा दोन भाषांत एकेक बोधवाक्य असतं. पोरसच्या चित्राखालच्या वाक्याचा आशय असा, की पराभूत झाला तरी गुणी माणूस मनाला भावतो. बोधवाक्याशेजारी नावं असतात. ‘पिंक्सिट’ असं लिहिलेलं नाव चित्रकाराचं, म्हणजे ल ब्रँचं, आणि ‘स्कल्पसिट’ असं लिहिलेलं कोरणाऱ्याचं. ‘एक्सकुडिट’ हा शब्द दिसला तर ते नाव प्रकाशकाचं किंवा प्लेटच्या मालकाचं.

पहिल्या छपाईच्या प्रतींवर छापणाऱ्याचं, ग्वातों याचं नावही असतं. अशा प्रती संग्राहक सर्वांत वरच्या मानतात. म्हणून खालचा पट्टा कापून टाकलेली प्रत कितीही ताजी दिसली तरी तिची ओळख अर्धीच पटते. फ्रेममध्ये ‘नीट बसावं’ म्हणून हा पट्टा कापण्याची सवय सगळ्या देशांत होती.

प्रसंग इतिहासाला धरून आहे का?

नाही, निदान जसा दाखवला आहे तसा नाही. अॅरियन या ग्रीक लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, अलेक्झांडरच्या मोहिमेत असलेल्या टॉलेमी आणि अॅरिस्टोबुलस यांच्या आधारे लिहिलेला वृत्तांत सर्वांत तपशीलवार आहे. त्यात पोरस उजव्या खांद्याला जखम होऊनही हत्तीवर बसून राहतो. अलेक्झांडर आधी तक्षशिलेच्या राजाला बोलणी करायला पाठवतो. तो जुना वैरी समोर बघून पोरस त्याच्यावरच चाल करतो. मग मेरोस नावाचा पोरसचा भारतीय मित्र येतो. तेव्हा तहानेने कासावीस झालेला पोरस हत्ती थांबवतो, खाली उतरतो, पाणी पितो आणि अलेक्झांडरकडे जातो. पुढचा संवाद आपल्याकडे शाळेतल्या पोराला पाठ असतो: कसं वागवू? राजासारखं.

कर्टियस या रोमन लेखकाचा वृत्तांत जास्त नाट्यमय आहे. त्यात पोरसला नऊ जखमा होतात, तो मेला असं समजून अलेक्झांडर त्याचं चिलखत काढायला सांगतो आणि तेवढ्यात पोरस डोळे उघडतो. कर्टियसचा फ्रेंच अनुवाद १६५३ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि पॅरिसच्या दरबारी वर्तुळात तो आवडीने वाचला जाई. चित्रातला गलितगात्र, उचलून आणलेला पोरस अॅरियनपेक्षा या वृत्तांताच्या जवळचा आहे. तरीही सैनिकांनी त्याला वाहून आणण्याची रचना ल ब्रँची स्वतःची. क्रूसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताच्या चित्रांत जशी देहाची ठेवण असते, ती युरोपातल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत मुरलेली होती. ती इथे राजाला दिली की शब्दाविना करुणा उभी राहते.

घोड्यावरचा अलेक्झांडर उदार, हात पुढे केलेला, कारण तो खरं तर चौदावा लुई आहे. कोल्बेर मंत्र्याच्या काळात राजाच्या खर्चाने अशी मुद्राचित्रं काढून संच बांधले जात आणि ते परदेशी दरबारांना, राजदूतांना भेट दिले जात. लूव्हरमधलं तैलचित्र पॅरिसला आलेल्यानेच बघितलं असतं. कागद मात्र सगळ्या युरोपभर गेला.

शस्त्रं, हत्ती, रथ आणि चिलखतं तरी खरी आहेत का?

मॅसिडोनियन सैनिक रोमन वेषात आहेत. ल ब्रँपुढे रोममधली शिल्पं होती, विशेषतः ट्राजनच्या स्तंभावरची. स्नायूंच्या आकाराची उरस्त्राणं आणि तुरेदार शिरस्त्राणं तिथूनच आली. मॅसिडोनियन पायदळाची खरी ओळख म्हणजे सारिसा, पाच-सहा मीटर लांबीचा भाला. तिचं जंगल चित्रात उभं राहत नाही. तसं ते उभं केलं असतं तर चेहरे झाकले गेले असते, आणि ल ब्रँला हवे होते चेहरे. भावनांप्रमाणे चेहरा कसा बदलतो यावर त्याने चित्रकारांच्या अकादमीत व्याख्यानच दिलं होतं.

भारतीय बाजू आणखी ढोबळ आहे. ग्रीक लेखकांनी भारतीय धनुष्याचं स्पष्ट वर्णन केलं आहे: माणसाएवढं उंच, एक टोक जमिनीला टेकवून डाव्या पायाने दाबून ओढायचं, आणि बाण जवळपास तीन हात लांब. कर्टियसच्या मते पावसाने जमीन निसरडी झाल्याने या धनुष्याला टेकू मिळेना. रथांचंही तेच झालं. प्रत्येक रथाला चार घोडे आणि आत सहा माणसं (दोन ढालवाले, दोन धनुर्धर, दोन सारथी), म्हणजे वजन भरपूर, आणि चिखलात चाकं रुतली. लढाईच्या निकालात चिखलाचा वाटा मोठा होता, पण या चित्रातली जमीन कोरडी आहे.

हत्तींचे आकडे लेखकागणिक बदलतात. अॅरियन २०० सांगतो, कर्टियस ८५. हत्तींच्या पाठीवर लाकडी मनोरे असल्याचा उल्लेख या लढाईच्या वर्णनांत नाही. हत्तींची रांग तटावरच्या बुरुजांसारखी दिसत होती, एवढी उपमा मात्र आहे. पुढच्या काळात युरोपीय चित्रकारांनी भारतीय हत्तींवर सर्रास मनोरे चढवले. कोणत्याही जुन्या चित्रात ते दिसले, तर ते झेलमच्या काठावरून आलेले नाहीत हे धरून चाला.

‘पोरस हरला’ किंवा ‘पोरस जिंकला’ या वादात हे चित्र पुरावा म्हणून देता येईल का?

देऊ नका, दोन्ही बाजूंनी. घटनेनंतर २,००० वर्षांनी, ६,००० किलोमीटरवर, एका राजाच्या कौतुकासाठी केलेलं हे काम आहे. १७ व्या शतकातल्या फ्रेंच दरबाराबद्दल ते उत्तम साक्ष देतं, झेलमबद्दल काहीच नाही. समाजमाध्यमांवर ते अनेकदा साल न देता ‘प्राचीन चित्र’ म्हणून फिरतं, तेव्हा निदान ‘१६७८, पॅरिस’ एवढं तरी खाली लिहावं.

घटनेच्या जवळचा दृश्य पुरावा हवा असेल तर चांदीची मोठी नाणी बघा, ज्यांना पोरस पदकं म्हणतात. एका बाजूला भाला घेऊन हत्तीवरच्या दोघांच्या मागे लागलेला घोडेस्वार असतो. ती बहुधा बॅबिलोनकडे पाडली गेली आणि अलेक्झांडरच्याच काळाच्या आसपासची आहेत. त्यांचे नमुने ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अर्थात तीही जेत्याच्याच बाजूची. भारतीय ग्रंथ या मोहिमेबद्दल गप्प आहेत.

आमच्याकडे ही प्रत आहे. ती १७ व्या शतकातली आहे की नंतर छापलेली?

आधी एक गोष्ट समजून घ्या. ओद्रांच्या प्लेटा नष्ट झाल्या नाहीत. राजाच्या संग्रहातून त्या लूव्हरच्या तांब्याच्या प्लेटांच्या विभागाकडे गेल्या. हा विभाग १७९७ मध्ये स्थापन झाला आणि जुन्या प्लेटांवरून प्रती छापून विकणं हे त्याचं कामच आहे. त्यामुळे ‘मूळ प्लेटवरून छापलेलं’ हे वाक्य खरं असूनही प्रत १९०० च्या पुढची असू शकते. विक्रेता खोटं बोलत नसतो, फक्त अर्धं बोलत असतो. तपासणी या क्रमाने करा.

कागद उजेडासमोर धरा (फ्रेममधून काढून, मोबाईलचा टॉर्च मागून). जुन्या हातकागदात बारीक आडव्या रेघांची जाळी आणि साधारण २५ मिमी अंतरावर ठळक उभ्या रेघा दिसतात. त्या साच्यातल्या तारांच्या खुणा. कुठेतरी जलचिन्हही असतं. जाळीविना सपाट एकजीव कागद युरोपात १७५० च्या दशकात आला, म्हणून तसा कागद असेल तर प्रत ओद्रांच्या हयातीतली नाही, विषय संपला. जाळीचा कागद दिसला म्हणून मात्र निकाल लागत नाही, कारण तसा कागद आजही तयार होतो आणि पुनर्मुद्रणाला आवर्जून वापरतात.

मग कोपरे आणि समास तपासा. लूव्हरच्या पुनर्मुद्रणावर बहुतेक वेळा कोरडा शिक्का असतो, शाईविना नुसता दाबलेला. समोरून तो दिसत नाही. दिवा टेबलाच्या पातळीवर आणून बाजूने प्रकाश टाकला की अक्षरं उठून येतात. चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीने (माऊंटबोर्ड) तो झाकलेला असणं अगदी नेहमीचं.

त्यानंतर रेघा. प्रत्येक छपाईत पुसण्याने आणि दाबाने तांबं झिजतं. सर्वांत आधी उथळ रेघा जातात: आकाश, लांबचे डोंगर, धुरकट पार्श्वभूमी. उशिराच्या प्रतीत लांबचं सैन्य विरघळल्यासारखं दिसतं आणि पुढच्या आकृत्या तुलनेने काळ्या राहतात, त्यामुळे चित्राची खोली मोडते. १९ व्या शतकाच्या मध्यापासून तांब्यावर विजेने पोलादाचा पातळ थर चढवायची सोय झाली. त्यामुळे झीज थांबली, पण आधीच झिजलेली प्लेट झिजलेलीच राहिली. अशा प्रती स्वच्छ असतात, काहीशा करड्या आणि निर्जीव.

शेवटी घड्या आणि जोड. जुन्या प्रती बऱ्याचदा मोठ्या ग्रंथात बांधलेल्या असत, म्हणून मध्ये घडी असते. घडी जुनी असेल तर तिच्यात मळ बसलेला आणि मागे दुरुस्तीची पट्टी असते. चारही ताव कधीच न जोडलेले, रुंद समासासकट, पांढरे शुभ्र असतील तर ते जवळपास नक्की उशिराचं पुनर्मुद्रण.

आणि ऑफसेट पोस्टर असेल तर?

भिंगाखाली ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. काम संपलं. अवघड जातं ते फोटोग्रॅव्ह्युअर, कारण त्यात खरी तांब्याची प्लेट वापरलेली असते आणि कागदावर प्लेटच्या कडेचा दाबही असतो. तिथे शाईची उंची बघा. कोरलेल्या रेघेची शाई कागदावर उठून बसते, खोल रेघेत जास्त आणि उथळ रेघेत कमी. फोटोवरून केलेल्या प्लेटमध्ये सगळ्या रेघांची उंची सारखीच आणि कडा किंचित मऊ, दाणेदार असतात.

मूळ मापही मोजा. या मालिकेच्या लहान नकला ओद्रांच्या घराण्यातच झाल्या आणि इतर देशांतही झाल्या. ४०–५० सेंमी रुंदीचा पोरस हा जुना असू शकतो, पण तो हा नव्हे. काही नकला उलट्या छापलेल्या असतात. तलवारी सगळ्यांच्या डाव्या हातात दिसल्या की ओळखावं.

विकत घेताना काय विचारावं?

मागच्या बाजूचा फोटो. फक्त एवढं मागितलं तरी निम्मे प्रश्न सुटतात, कारण डाग, पट्ट्या, कॅनव्हास, टेप सगळं मागे असतं. त्यानंतर: चारही तावांची मापं वेगवेगळी, खालचा मजकूर पूर्ण आहे का, प्लेटच्या दाबाची रेघ चारही बाहेरच्या बाजूंना दिसते का, चारही ताव एकाच काळातले आहेत का. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. फाटलेल्या प्रतीतला एक ताव नंतरच्या छपाईतून भरून काढलेला असतो. कागदाचा रंग आणि तारांच्या खुणांचं अंतर ताडून बघितलं की तो उघडा पडतो.

पावसाळ्यात प्रतीवर तांबूस ठिपके आले. काय करायचं?

पुसू नका, ब्लीच लावू नका, उन्हात ठेवू नका. हवेतली आर्द्रता ६५–७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते. मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. प्रत बाहेरच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर न्या आणि खोलीत ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवायचा प्रयत्न करा. साधं हायग्रोमीटर पुरतं. दिवसा एसी आणि रात्री बंद हा प्रकार मात्र घातक. आर्द्रता रोज वर-खाली होते, चारही ताव वेगवेगळे ताणले जातात आणि जोड सुटतात.

ओली किंवा पावडरसारखी बुरशी दिसली तर प्रत वेगळी करा, मास्क घाला आणि कागद-संवर्धकाकडे द्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येतं. कसर लागली असेल (खळीच्या जागी वरवर कुरतडलेले पट्टे), तर किडे चित्रात नसून फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यात असतात. तो पुठ्ठा आधी फेका.

फ्रेम कशी करावी? कोपऱ्यावरचा फ्रेमवाला सनमायकाचा प्लाय लावतो म्हणतो.

त्याला नको सांगा. प्लाय, हार्डबोर्ड आणि राखाडी पुठ्ठा यांतलं आम्ल दहा-पंधरा वर्षांत कागद पिवळा आणि ठिसूळ करतं. माऊंटच्या आतल्या कडेभोवती दिसणारी तपकिरी चौकट त्याचीच. मागे-पुढे आम्लरहित बोर्ड लागतो. या मापाला माऊंटचे समास धरून फ्रेम साधारण ९० × १७८ सेंमी होते, म्हणजे १.६ चौरस मीटर. ४ मिमी काच लावली तर फक्त काच १६ किलो, त्याच जाडीचं अॅक्रिलिक पावणेआठ किलोच्या आत. एवढ्या मापाला अतिनील किरणं अडवणारं अॅक्रिलिकच घ्यावं. ते कागदाला टेकता कामा नये, मध्ये निदान ५–६ मिमी जागा हवी.

चित्र बोर्डाला चिकटवायचं नसतं, वरच्या कडेवर जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी टांगायचं असतं. जोडलेल्या पूर्ण चित्राला २–३ सेंमी रुंदीच्या आठ बिजागऱ्या, प्रत्येक तावाला दोन. ताव सुटे असतील तर सुटेच राहू द्या, एका बोर्डावर शेजारी शेजारी टांगा. बिजागरीची खळ गव्हाच्या स्टार्चची: एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी, अर्धा तास भिजवून मंद आचेवर २०–३० मिनिटं सतत ढवळत शिजवायचं, थंड करून बारीक चाळणीतून काढायचं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, वास आला की फेकायची. बाइंडरकडची तयार खळ आणू नका. कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, आणि ते तांब्याचं क्षार कागद जाळतं. फेव्हिकॉल आणि सेलोटेप यांच्याबद्दल बोलायचीही गरज नसावी.

फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंतीपासून १–२ सेंमी हवा खेळते. प्रकाश ५० लक्सच्या आसपास. शाई टिकाऊ आहे, कागद नाही.

प्रत कापडावर चिकटवलेली आणि वार्निश केलेली आहे. काढू का?

घरी अजिबात नाही. मोठी मुद्राचित्रं आणि नकाशे कापडावर चढवून वार्निश करण्याची जुनी पद्धत आहे, आणि ते वार्निश आता पिवळं पडलेलं असतं. ओलं केलं की कापड आणि कागद वेगवेगळ्या वेगाने पसरतात आणि जोडांशी कागद फाटतो. संवर्धकालाही यात बराच वेळ लागतो.

परदेशात राहणाऱ्या मुलाला ही प्रत पाठवता येईल का?

१०० वर्षांहून जुनी कलाकृती १९७२ च्या पुरावास्तू व कलानिधी कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी व्यक्तीला पुरावास्तू देशाबाहेर नेता येत नाही. चित्र फ्रेंच आहे म्हणून सूट मिळेल असं गृहीत धरू नका. प्रत १०० वर्षांच्या आतलं पुनर्मुद्रण असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावास्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या, पार्सल नंतर करा. प्रत परदेशातून आणली असेल तर खरेदीची पावती आणि सीमाशुल्काचे कागद फ्रेमच्या मागे न चिकटवता वेगळे जपा.

हेच तंत्र शिकून लढाईचं छोटं दृश्य करायचं आहे. सुरुवात कशी करावी?

पोस्टकार्डाएवढ्या प्लेटने. १ ते १.५ मिमी जाडीचं तांबं घ्या आणि चारही कडा ४५ अंशांत घासून उतरत्या करा. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून नवशिके टाळतात, मग धारदार कड कागद कापते आणि प्रेसचं महागडं फेल्टही. प्लेट खडूची पूड आणि अमोनियाने घासून पाण्याखाली धरा. पाण्याचा सलग पडदा राहिला तर तेलकटपणा गेला, थेंब गोळा झाले तर पुन्हा घासा. तेलकट बोटाच्या ठशावर लेप धरत नाही आणि तिथे आम्ल नको तिथे खातं. प्लेटभर काळे टिंब उठतात ते यामुळे.

मग प्लेटवर मेणाचा लेप द्या. तो सुकला की मागची बाजू आणि कडा वार्निशने किंवा पॅकिंग टेपने झाका आणि सुईने फक्त लेप खरवडा, तांबं नाही. आम्ल म्हणून नायट्रिकपेक्षा फेरिक क्लोराइड बरं, विषारी वाफा नाहीत. पण त्यात गाळ तयार होतो आणि तो रेघेत साचला की खाणं थांबतं, म्हणून प्लेट उभी किंवा पालथी धरा. पालथी धरताना कोपऱ्यांखाली टेकू द्या. हातमोजे आणि चष्मा लागतोच.

खोली टप्प्याने येते. सगळी प्लेट ५ मिनिटं, मग बाहेर काढून धुवा, वाळवा, आकाश आणि लांबचं सैन्य वार्निशने झाका. पुन्हा १० मिनिटं, मधले घोडेस्वार झाका. पुढच्या आकृत्यांना आणखी २० ते ३०. द्रावणाची ताकद आणि तापमान बदललं की वेळ बदलते, म्हणून आधी तुकड्यावर चाचणी घ्या. आडव्या-उभ्या रेघा फार दाट काढल्या तर मधल्या तांब्याच्या भिंती आतून पोखरल्या जाऊन कोसळतात. मग तिथे खाच न राहता उथळ खड्डा होतो, पुसताना त्यातली शाई निघून जाते आणि जिथे सर्वांत काळं हवं तिथे करडा डाग छापला जातो. गडद सावली म्हणून गर्दी करू नका. रेघांत जागा ठेवा, जास्त वेळ खाऊ द्या आणि उरलेलं ब्युरिनने पुरं करा.

छपाईचा कागद अर्धा ते एक तास भिजवून टिपून घ्या. पृष्ठभागावर पाणी चमकत असेल तर तो गरजेपेक्षा जास्त ओला आहे आणि शाई घेणार नाही. पहिल्या प्रतीत रेघा तुटक आल्या तर प्लेटला दोष देण्याआधी दाब आणि कागदाचा ओलावा तपासा, दहातल्या आठ वेळा तिथेच गडबड असते.